पाय चालतात तोवर, आणि त्यानंतर

पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-नाशिकमधल्या कित्येक घरांत रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हा विषय कधी ना कधी निघतो. मुलगा किंवा मुलगी परदेशी. आई-वडील तिसऱ्या मजल्यावर. इमारत चाळीस वर्षांपूर्वीची, लिफ्ट नाही. ‘बाबा, ते ज्येष्ठांसाठीचं संकुल एकदा बघून तरी या ना,’ एवढंच वाक्य पुरतं. ‘म्हणजे आता वृद्धाश्रमात पाठवतोस का आम्हाला?’ असं उत्तर येतं आणि पुढचे आठ दिवस तो विषय बंद होतो.

यात रागाचा भाग सोडला, तरी दोन्हीकडे एक गैरसमज उरतोच. मुलांना वाटते, आई-बाबा संकुलात गेले की काळजी मिटली. आई-वडिलांना वाटते, संकुलात गेलो की आपले आयुष्य आवरले. प्रत्यक्षात संकुलाचा फायदा कुणाला किती होणार, हे दोन गोष्टींवर ठरते: माणूस तिथे कोणत्या प्रकृतीत जातो, आणि ती प्रकृती ढासळल्यावर तिथे त्याचे काय होणार आहे. पहिल्या गोष्टीबद्दल वैद्यकशास्त्राकडे सांगण्यासारखे बरेच आहे. दुसरीचे उत्तर मात्र करारनाम्याच्या मागच्या पानांवर असते, आणि ती पाने सहसा कुणी वाचत नाही.

आधी शब्दांचा घोळ दूर करायला हवा. वृद्धाश्रम ही मुळात निराधारांसाठीची सोय. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७च्या कायद्याने राज्यांकडून जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम अपेक्षिलेला आहे. ज्येष्ठांचे संकुल ही वेगळी गोष्ट. तिथे आपला फ्लॅट, आपले कुलूप, आपला गॅस आणि आपला देव्हारा असतो. जोडीला एकत्र भोजनगृह, ठरावीक वेळी येणारे डॉक्टर, परिचारिका, साफसफाई, वाचनालय आणि फिरायला सपाट रस्ता मिळतो. घर कुठे विकत मिळते, कुठे मोठी अनामत भरून राहण्यापुरते, कुठे महिन्याच्या भाड्याने. वयाची अट बहुधा पंचावन्न किंवा साठची असते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात १९६० साली ‘सन सिटी’ ही वसाहत खुली झाली, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे कोइम्बतूर आणि पुणे ही तिची ठळक ठिकाणे. पुण्यात ‘अथश्री’ हे नाव तर ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आता सगळ्यांच्या तोंडी असते.

या घरांची मागणी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. ‘इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३’नुसार २०२२मध्ये देशात साठीपुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते; २०५०पर्यंत ते ३४.७ कोटींच्या घरात जातील.

ओली फरशी आणि सकाळचा चहा

संकुलाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा घरात पडण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. वय वाढते तसे तोल सांभाळणारे तिन्ही घटक, म्हणजे डोळे, कानाच्या आतले संतुलनाचे इंद्रिय आणि तळपायांची जाणीव, हळूहळू मंदावतात. मधुमेह असेल तर तळपाय आणखी बधिर होतात. रात्री लघवीला उठताना रक्तदाब अचानक खाली येतो. झोपेची गोळी घेतलेली असेल तर पाऊल आणखी डळमळते. अशा अवस्थेत माणूस आपल्याकडच्या जुन्या न्हाणीघरात शिरतो. ओली फरशी, दाराशी उंबरा, कोपऱ्यात बादली, धरायला फक्त नळ. खुब्याचे हाड मोडायला आणखी काही लागत नाही.

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या इमारतीत हे धोके आराखड्यातच कमी करता येतात. महारेराने २०२४मध्ये अशा प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची आत जाईल अशी व्यवस्था, किमान ९०० मिलीमीटर रुंदीची दारे, स्नानगृहात न घसरणाऱ्या फरश्या आणि धरायला दांडे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे अशा तपशिलांचा त्यांत समावेश आहे. वाचताना या गोष्टी किरकोळ वाटतात. वॉकर घेऊन अरुंद दारातून आडवे होऊन जाणाऱ्या माणसाला त्या तशा वाटत नाहीत.

माहितीपत्रकात मात्र या दांड्यांपेक्षा जास्त जागा ‘प्रत्येक खोलीत इमर्जन्सी बटण’ या ओळीला मिळते. त्या बटणाबद्दल एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या ज्येष्ठांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००८मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वर्षात पडलेल्यांपैकी ८० टक्के जण निदान एकदा तरी स्वतःहून उठू शकले नाहीत, आणि ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले. मदतीसाठी बटणाची सोय बहुतेकांकडे होती. पण जे बराच वेळ पडून राहिले, त्यांतल्या बहुतेकांनी ते दाबलेच नाही. काहींचा हात पोचला नाही, काहींना आपले आपण उठता येईल असे वाटले, काहींना कुणाला त्रास द्यायचा नव्हता. असे बराच वेळ पडून राहणे धोक्याचेच. दबलेल्या स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो, शरीरातले पाणी कमी होते, अंग गार पडते.

मग संकुलात वेगळे काय होते? नीट चाललेल्या संकुलात बटणाआधी माणसांच्या लक्षात येते. सकाळच्या चहाला रोज साडेसातला येणारे काका आठ वाजले तरी दिसले नाहीत, की समोरचे कुणीतरी दार वाजवते. जुन्या चाळीत हे काम न सांगता व्हायचे. बंद दारांच्या इमारतीत तेच दोन दिवस होत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी संकुलाची खरी किंमत बरीचशी या दार वाजवण्यात आहे.

माणसांत राहण्याचा आरोग्याशी संबंध आहे, यात आता फारसा वाद उरलेला नाही. जुलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त दिसली. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत समाजापासून तुटलेपण आहे, कमी ऐकू येणे आहे आणि उपचार न केलेली दृष्टीची अधूही आहे.

यावरून ‘संकुलात राहणारे जास्त जगतात’ असे म्हणणे मात्र घाईचे होईल. तिथे जाणारे लोक मुळात सुस्थितीतले, शिकलेले, बऱ्यापैकी धडधाकट आणि चार माणसांत मिसळणारे असतात. हे लोक दीर्घायुषी होण्याचे श्रेय भिंतींना द्यायचे की त्यांच्या पेन्शनला, हे वेगळे काढणे अवघड असते.

एक फायदा आकडेवारीत सापडणार नाही, पण संकुलातल्या बायकांकडून लगेच ऐकायला मिळतो. पुरुष साठीला निवृत्त होतो. त्याच घरातली बाई पंचाहत्तरीतही सकाळी कणीक मळत असते. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न पन्नास वर्षांनी सुटतो, तेव्हा मोकळे झालेले ते तास भजनी मंडळात, पत्त्यांच्या डावात किंवा नुसते गॅलरीत बसण्यात जातात. आणि जोडीदार गेल्यावर ‘एकटीसाठी काय स्वयंपाक करायचा’ म्हणत चहा-पोळीवर रात्र काढणारीच्या पोटात निदान दोन वेळचे गरम अन्न जाते.

आयते ताट

पण त्याच आयत्या ताटापासून तोटेही सुरू होतात. ‘जामा’मध्ये २००७साली आलेल्या एका छोट्या प्रयोगात १२ निरोगी ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांना आजार काही नव्हता. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांमधला जवळजवळ एक किलो स्नायूभार कमी झाला. संकुलात कुणी अंथरुणाला खिळत नाही हे खरे. पण भाजी आणायला जाणे नाही, जिना नाही, दोरीवर कपडे वाळत घालणे नाही, पाहुण्यांसाठी माळ्यावरची गादी काढणे नाही. घरकाम म्हणून आयुष्यभर ज्याचा वैताग केला, तोच नकळत घडणारा व्यायाम होता. तो गेल्यावर त्या जागी रोजचे चालणे आणि स्नायूंना ताण देणारे व्यायाम आले नाहीत, तर लिफ्ट आणि सपाट रस्ते पायांना लवकर म्हातारे करतात.

जेवणाचेही तसेच. ज्येष्ठांच्या आहारात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. सामायिक भोजनगृहात सगळ्यांना पचेल, परवडेल आणि कुणी तक्रार करणार नाही असे जेवण करायचे, म्हणून पातळ वरण, भात, दोन मऊ पोळ्या आणि दुधी भोपळा यांकडे स्वयंपाकघराचा कल झुकतो. तेवढ्यात हा आकडा गाठणे कठीण. उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडे आठवड्यातून किती वेळा मिळते, हे पाहायला हवे. माहितीपत्रकातले ‘सात्त्विक भोजन’ हे शब्द याबद्दल काही सांगत नाहीत.

आयतेपणाची दुसरी बाजू मनाशी निगडित आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला १९७६चा प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत अजूनही सांगितला जातो. शुश्रूषागृहातल्या एका गटाला स्वतःचे छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि सांभाळायला एक रोप दिले. दुसऱ्या गटाला रोप मिळाले, पण त्याला पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिला गट अधिक उत्साही आणि हिंडता-फिरता झाला. दीड वर्षाने त्या गटात मृत्यूही कमी आढळले. मात्र या शेवटच्या निष्कर्षाच्या गणितात चूक होती, ती लेखकांनी नंतर दुरुस्त केली आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचा ठरला. त्यामुळे ‘रोपाने आयुष्य वाढते’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण आपल्या दिवसावर आपली सत्ता असणे माणसाला बरे ठेवते, एवढा धडा टिकून आहे. ज्या संकुलात गणपतीची आरास, वाचनालयाची चावी आणि भोजन समितीतली भांडणे राहणाऱ्यांच्या हाती असतात, ते संकुल जिवंत असते. जिथे सगळे व्यवस्थापन करते, तिथे राहणाऱ्यांना फक्त पाहुणचार मिळतो, आणि पाहुणचाराला माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो.

माणसांच्या गर्दीतही एकाकी वाटू शकते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना टाइल्सच्या मोठ्या भोजनगृहात ताटवाट्यांच्या आवाजापलीकडे काहीच कळत नाही. ते चार वेळा ‘काय?’ विचारतात, पाचव्यांदा नुसते हसतात आणि नंतर डबा खोलीत मागवू लागतात. श्रवणयंत्राचा प्रश्न घर बदलण्याआधी सोडवलेला बरा. आणि सगळेच सत्तरी-ऐंशीचे असलेल्या जागी सूचनाफलकावर श्रद्धांजलीचा कागद वारंवार लागतो. ज्याच्याबरोबर काल कॅरम खेळलो तो आज नाही, हे तिथे सतत घडते. खाली खेळणारी, चेंडू काचेवर मारणारी पोरे तिथे नसतात. त्यांच्या आवाजाने आयुष्यभर वैतागलेल्यांनाही ते सुने वाटू शकते.

करारनाम्याची मागची पाने

वर सांगितलेले बहुतेक फायदे पासष्ट ते पंचाहत्तरच्या, आपले आपण करणाऱ्या माणसाला मिळतात. त्याला नवे मित्र जोडायला वेळ असतो, तिथले रस्ते, चेहरे, वेळा अंगवळणी पडतात. पुढे दृष्टी अधू झाली तरी पाय त्या ओळखीच्या वाटेने चालतात. आपल्याकडे मात्र निर्णय उलट वेळी होतो. पडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर किंवा दोघांपैकी एक गेल्यावर. तेव्हा माणूस दुःखात असतो, दुबळा असतो, आणि त्याला नव्या जागी नेऊन ठेवले जाते. ज्याचा विसरभोळेपणा आधीच वाढला आहे, त्याला तर अनोळखी खोलीत रात्री न्हाणीघर कुठे हेही सापडत नाही. घोटाळा वाढला की घरचे म्हणतात, ‘तिथे गेल्यापासून बाबा बिघडले.’

दुसरीकडे, ‘स्वावलंबी ज्येष्ठांसाठी’ असे म्हणणाऱ्या संकुलात स्वावलंबन संपल्यावर काय, हा प्रश्न विक्री कार्यालयात टाळला जातो. देशव्यापी पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे काही दशके चालणाऱ्या कोणत्याही संकुलात असे रहिवासी असणारच. काही ठिकाणी वेगळा देखभाल विभाग असतो, त्याचे शुल्क निराळे. काही ठिकाणी ब्युरोमार्फत चोवीस तासांची बाई ठेवायची मुभा असते. मग ती झोपणार कुठे, जेवणार कुठे, तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण, हे सगळे घरच्यांनी पाहायचे. आणि काही करारांत असे कलम असते, की रहिवाशाला इतरांच्या मदतीशिवाय राहता येईनासे झाले तर त्याला जागा सोडावी लागेल. हे कलम ज्या दिवशी लागू होते, त्या दिवशी कोथरूडचे घर विकून झालेले असते.

महारेराच्या तत्त्वांचा भर बांधकामावर आहे. दार किती रुंद असावे हे त्यांत सापडते, पण रात्री किती परिचारिका असाव्यात किंवा जेवणाची प्रत घसरली तर काय करायचे, हे सापडत नाही. सेवा पुरवणारी कंपनी बदलली, तर नवी कंपनी जुन्या वचनांना किती बांधील, हेही करारावरच ठरते. म्हणून तो वकिलाला दाखवण्याचा खर्च वाया जात नाही.

पैशाचे गणित कागदावर मांडून पाहावे. समजा जेवण, देखभाल मिळून दोघांचा खर्च आज महिना २५ हजार रुपये आहे आणि तो दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढतो. नऊ वर्षांत तो ५० हजारांवर जातो, पंधरा वर्षांत ७९ हजारांवर. सत्तराव्या वर्षी परवडणारी जागा पंचाऐंशीव्या वर्षी, म्हणजे नेमकी गरज वाढलेली असताना, हातची जाऊ शकते. ठेवीवरचे व्याज या वेगाने वाढत नाही. विकत घेतलेला फ्लॅट मुलांच्या नावे होतो, पण वयाच्या अटीमुळे ती तिथे राहू शकत नाहीत आणि गिऱ्हाईकही ज्येष्ठच शोधावे लागते. अनामत भरून राहिले तर त्यातून किती कापून परत मिळणार, कधी मिळणार आणि दोघांपैकी एक गेल्यावर उरलेल्याचा हक्क काय, हे लेखी हवे.

हा सगळा हिशेब ज्यांना करता येतो, तो वर्ग तसा लहानच. ईपीएस-९५ची किमान पेन्शन महिना १,००० रुपये असलेल्या देशात बहुतेकांचे म्हातारपण राहत्या घरातच जाणार आहे. संकुलातल्या बऱ्याच गोष्टी तिथेही आणता येतात, आणि त्या स्वस्त आहेत. न्हाणीघरात भिंतीत पक्के बसवलेले दोन दांडे, बसून आंघोळीसाठी स्टूल, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, सैल गालिचे आणि पायपुसणी काढून टाकणे, वर्षातून एकदा सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जाणे. गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ, पालिकेचे विरंगुळा केंद्र, आणि सकाळी दार उघडले नाही तर वाजवण्याची शेजाऱ्याला दिलेली हक्काची परवानगी. यात न सुटणारी एकच मोठी अडचण म्हणजे लिफ्ट नसलेला तिसरा मजला. गुडघे गेल्यावर वरच्या घरातला माणूस महिनोन् महिने खाली उतरत नाही. त्याच सोसायटीत तळमजल्यावर भाड्याने जागा मिळाली, तर संकुलाचा निम्मा फायदा पदरात पडतो आणि वाणी, डॉक्टर, मैत्रिणी त्याच राहतात.

ज्यांचे मन संकुलाकडे झुकते आहे, त्यांनी आपले घर विकायची घाई करू नये. ते लिव्ह अँड लायसन्सवर देऊन आधी दोन-तीन महिने संकुलात भाड्याने राहून पाहावे. शक्यतो पावसाळ्यात, कारण शहराबाहेरच्या डोंगराच्या कुशीतली जागा नोव्हेंबरात सगळ्यांनाच आवडते. तिथून हृदयविकार आणि पक्षाघातावर उपचार होणारे रुग्णालय गाडीने किती मिनिटांवर आहे, हे संध्याकाळच्या वाहतुकीत स्वतः जाऊन मोजावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या वेळातच तपासण्याही असतात. विक्री कार्यालयातल्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षे तिथे राहिलेल्या रहिवाशांशी बोलावे, त्यातही जोडीदार गेल्यानंतर तिथेच राहिलेल्यांशी. आणि दाराशी उभ्या रुग्णवाहिकेकडे बोट दाखवले गेले, की रात्री दोन वाजता ती चालवायला कोण असते, ते त्याचे नाव आणि मुक्कामाची खोली यांसह विचारून घ्यावे.